चार शब्दांना एक श्वास

पूर्णा,
२ मार्च २०२५

भगवानराव व्याही यांना सप्रेम जय भीम.

फोन सोडून पत्र लिहितोय, याचं नवल करू नका. मागच्या आठवड्यात बाळंतपण वालूरला की पूर्ण्याला या विषयावर आपण फोनवर बोललो. तुमचा आवाज चढला, मग माझा त्याच्या वर चढला, आणि शेजारच्या खोलीत सुकेशनीला दम्याचा पंप घ्यावा लागला. बाहेर येऊन ती म्हणाली, "मामा, आजपासून तुम्ही आणि बाबा एकमेकांशी फोनवर बोलायचं नाही. काय असेल ते लिहा. लिहिताना माणूस ओरडत नाही." तुमची मुलगी, माझी सून, लहानपणापासून दमा, आणि वर सातवा महिना. एवढ्या हुद्द्यांपुढं रिटायर्ड स्टेशन मास्तर काय बोलणार? मान डोलावली.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मला मान्य आहे. तुमची हवा मान्य नाही. मार्च-एप्रिलात तुमच्याकडं बांध पेटवतात, कापसाची वाळलेली पऱ्हाटी पेटवतात, आणि आपलं संपलं की शेजाऱ्याचं पेटवतात. म्हणून धम्मानंदानं एक यंत्र आणलं आहे. आमचे चिरंजीव कॉलेजात विज्ञान शिकवतात, त्याचा घरात झालेला हा पहिलाच उपयोग. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आहे. हवेतली बारीक धूळ आणि धूर मोजून आकडा दाखवतं. आकडा पन्नासच्या आत असेल तर सूनबाईनं खुशाल अंगणात बसावं. शंभरच्या वर गेला तर खिडक्या लावून घ्याव्यात. दोनशेच्या वर गेला तर तिला तिथून हलवायचं आणि बाळंतपण पूर्ण्याला. हे आपलं ठरलं, असं मी धरून चालतो.

सकाळ-संध्याकाळचा आकडा पत्रातून कळवत जा. आमच्या नोकरीत गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनच्या मास्तरकडून एक प्रायव्हेट नंबर घ्यायचा असतो. तो दोघांनीही आपापल्या रजिस्टरात लिहायचा. तो लिहिला म्हणजे लाईन क्लिअर, पुढं धोका नाही, असं त्यानं सांगितलं आणि आपण मानलं. नंबर न घेता चौतीस वर्षांत मी रिकामी मालगाडीही सोडली नाही. सून बुधवारच्या गाडीनं येते आहे, आणि ती एकटी नाही.

तुमच्या मुलीचा सासरा,
सिद्धोधन


वालूर,
९ मार्च २०२५

सिद्धोधनराव इवाई, जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणला, कोर्टाचं हाय का. मी म्हणलो, त्याच्याहून जड हाय, इवायाचं हाय.

पोरगी सुखरूप आली. आल्या आल्या तिनं चिंच मागितली, मग भुईमुगाच्या शेंगा, मग परत चिंच. सेलूच्या डॉक्टरीण बाईनं सांगितलं की रोज चालायचं. म्हणून सांजच्याला बारवेपस्तोर जाती, पायरीवर बसती आणि आमच्या बांधाबांधानं माघारी येती.

आमी बांध पेटवतोत, खरं हाय. पर तुमच्या टेसनाच्या मागं कचऱ्याचा ढीग बारा महिने धुमसायला असतो, ते काय मग? मागं तुमच्याकडं आलो तव्हा सकाळी धुऊन टाकलेला माझा पांढरा सदरा दुपारी राखाडी झाला. तुमी म्हणलात, उन्हानं रंग उडाला. पांढऱ्याचा रंग उडाल्यावर आतून काळा निघतो, हे मला पूर्ण्यातच कळलं.

यंत्राची फिकीर सोडा. आतल्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर मानानं ठेवलंय. चांगुणा त्याची अशी बडदास्त ठेवायलीय की धुळीचा कण लागू देत न्हाई. तीस वर्षांत माझी येवढी ठेवली न्हाई. रोज मी सोता चष्मा लावून बघतो आणि वहीत लिहितो. घ्या तुमचा नंबर. सकाळी बारा. सांजच्याला बारा.

सदऱ्याचा मालक,
भगवानराव


पूर्णा,
१५ मार्च २०२५

भगवानराव, जय भीम.

बारा आकडा वाचून मी दोनदा चष्मा पुसला. धम्मानंद म्हणतो, बारा आकडा समुद्रातल्या बेटावर येतो. मी म्हटलं, वालूर बेट असेल, आपण तिकडं कुठं नीट पाहिलंय. तुम्ही खोटं लिहिता असं म्हणत नाही. रोज सारखंच खोटं बोलायला शिस्त लागते, आणि शिस्त तुमच्यात मी लग्नाच्या पंगतीतच पाहिली आहे.

कॉलेजातलं दुसरं यंत्र आणून धम्मानंदानं आमच्या ओट्यावर ठेवलं होतं. सकाळी सहा वाजता आकडा आला एकशे चाळीस. हे तुम्हाला कळवायला नको होतं, पण रजिस्टरात खाडाखोड मला चालत नाही. तो स्टेशनमागचा ढीगच याला कारण, दुसरं काय. त्याच्याविरुद्ध मी पाच अर्ज दिले आहेत, सहावा लिहितो आहे.

तर सध्या तुमची हवा माझ्याहून चांगली, हे मान्य करून पुढचं बोलतो. यंदा बांध पेटवणार नाही, असं मला एका ओळीत लिहून द्या. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहेच, सहीवर जास्त आहे.

सिद्धोधन


वालूर,
२१ मार्च २०२५

इवाईबुवांना जय भीम.

घ्या लिहून. "मी, भगवानराव, राहणार वालूर, यंदा बांध पेटवणार न्हाई." खाली सही करायलोय. माचीस चांगुणानं पिठाच्या डब्यामागं ठेवलीय, चहा पायजे असला तरी तिला मस्का मारावा लागायलाय.

भ्यायचं असलं तर माझ्या शेजारच्या बजरंगला भ्या. त्याचा आणि माझा बांध एक. एक बिडी विझायच्या आत दुसरी पेटवतो. आमच्या बांधाला लागूनच माळ हाय, त्याच्यावर वनखात्यानं लावलेली झाडं, आणि झाडाखाली कमरेयेवढं वाळलेलं गवत. मी त्याला म्हणलो, बजरंग, घरात दम्याची पोटुशी लेक हाय. तो म्हणला, "दादा, तुमच्या लेकीपायी मी बिडी लोट्यात बुडवून फेकायलोय. लोट्याचं पाणी आता म्हैस बी पिईना."

सुकेशनी बरी हाय. वजन वाढलंय. मला म्हणती, बाबा, तुमी दोघं असंच लिहीत राहा, मला झोप लय छान लागायलीय.

आकडा: बारा. बारा.

भगवानराव


पूर्णा,
३ एप्रिल २०२५

भगवानराव, जय भीम.

तेरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. परवाच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या आहेत: वालूर शिवारात माळाला आग, वनखात्याची रोपं जळाली, कारण समजू शकले नाही. आपल्याकडं आगीचं कारण कधीच समजू शकत नाही. काडीपेटी तेवढी बिचारी सगळीकडं हजर असते.

सूनबाईला फोन केला. "मी मजेत आहे मामा," म्हणाली. पण माझा कान रेल्वेचा आहे. पुढं दिसण्याआधी गाडी कशी येते आहे हे मला आवाजावरून कळतं. ती चार शब्द बोलते आणि थांबते. श्वास घेते. पुन्हा चार शब्द. "आई डाळ शिजवायलीय आणि"... थांबली. "बाबा शेतात गेले आहेत." थांबली. मी सबंध फोनभर मोजत बसलो. फेब्रुवारीत आपल्या दोघांना झापताना तिनं एका दमात अख्खं वाक्य म्हटलं होतं.

उलटटपाली आकडा कळवा. इतर काही लिहायला वेळ नसेल तर नुसता आकडा.

सिद्धोधन


वालूर,
५ एप्रिल २०२५

सिद्धोधनराव, जय भीम.

पेपरवाल्याला काम न्हाई. माळाला थोडी आग लागली होती, विझली. वारं दुसरीकडचं होतं. गावात लोक म्हणतेत, बजरंगच्या बिडीनं लागली असंल. सुकेशनी ठीक हाय, उन्हानं दमायलीय. पाडव्याची गडबड होती म्हणून लिहिणं झालं न्हाई.

आकडा: तेरा.

भगवानराव


पूर्णा,
८ एप्रिल २०२५

भगवानराव,

रविवारी धम्मानंद न कळवता तिकडं येऊन गेला. त्याला मीच पाठवलं. सेलूवरून येताना माळाची खोडं अजून धुमसत होती. दहा दिवसांनीही. गावावर धुराचा थर बसलेला, दुपारी बारा वाजता सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी पाहता येत होतं. सूनबाई खिडकीशी उशा रचून बसलेली. आणि आतल्या खोलीत फळीवर ते यंत्र.

व्याही, तुम्ही यंत्राला फ्रॉक शिवला आहे.

आधी ते आलं तीच प्लास्टिकची पन्नी, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. तिच्यावर झालरीचं लाल मखमली कापड, समोर आकडा दिसावा म्हणून खिडकी कापलेली, तिलाही काठ. धूळ मोजायचं यंत्र तुम्ही धूळ लागू नये म्हणून पॅक करून ठेवलं. त्याला महिनाभर पन्नीतली हवा मिळाली, आणि तीच तुम्ही मला बारा-बारा म्हणून कळवत राहिलात. धम्मानंदानं फ्रॉक काढला, पन्नी फाडली. दहा मिनिटांत आकडा तीनशे अठरा.

रविवारी, १३ तारखेला, मी गाडी घेऊन येतो. सूनबाईला घेऊन जाईन. ठरल्याप्रमाणे.

आणि त्या बजरंगाला मी सोडणार नाही. माझ्या सुनेचा श्वास त्यानं बिडीत ओढला. वनखात्याला नावगावासकट तक्रार लिहिली आहे, आजच पोस्टात टाकतो.

सिद्धोधन


वालूर,
१० एप्रिल २०२५

सिद्धोधनराव,

पोस्टानं उशीर होईल म्हणून हे पत्र पूर्ण्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायलोय. बजरंगचं नाव कुठंच लिहू नका. बांध मी पेटवला.

२८ मार्चला सकाळी वाटेवर सापाची कात दिसली. सुकेशनी रोज बारवेकडं जाती त्याच वाटेवर. कातीचं शेपूट बांधाच्या गवतात गेलेलं. पोरगी दोन जिवांची, पायात साधी चप्पल. तुमाला लिहून दिलेलं मला याद होतं. पर आमच्या डोक्यात सापाला एकच इलाज हाय. दोन घागरी पाणी शेजारी ठेवलं, वारं बघितलं आणि दुपारी काडी लावली. तीस वर्षं पेटवायलोय, कधी हाताबाहेर गेलं न्हाई. त्या दिवशी वारं फिरलं. दोन घागरी कुठं पुरतेत. आग माळावर चढली.

सगळ्यात आधी धावत आला तो बजरंग, आग झोडपायला लिंबाचे फाटे घेऊन. त्याच्या भिवया जळाल्या, हात पोळला. सांजच्याला पारावर कुणीतरी म्हणलं, ह्याच्याच बिडीनं लागली असंल. मी तिथंच बसलेलो होतो. गप बसलो. तो बी गप बसला. त्यानं मला काडी लावताना बघितलं होतं.

यंत्राचं सांगतो. टीव्हीच्या रिमोटला पन्नी असती, मिक्सरला झाकण असतं, शिलाई मशीनला खोळ असती. येवढी किमती चीज उघडी ठेवायची कशी, म्हणून चांगुणानं शिवलं आणि मला लय चांगलं वाटलं. तुमी फ्रॉक म्हणलात. म्हणा. पर त्यातलं खरं दुखणं तुमाला ठाऊक न्हाई.

आग लागली त्याच सांजेला पोरगी खोकायली. छाती वाजायली. मला म्हणली, बाबा, श्वास येईना. मी आत गेलो, चष्मा लावून यंत्र बघितलं आणि बाहेर येऊन म्हणलो, काही न्हाई बाळा, बारा हाय. ती परत म्हणली. मी परत बघून आलो. पोरीच्या छातीवर इश्वास ठेवला न्हाई, आकड्यावर ठेवला. कारण तो मला पायजे तसा होता. शेवटी चांगुणानं मला बाजूला सारलं आणि रिक्षा बोलावली. सेलूला दोन तास वाफ दिली तव्हा नखाचा रंग माघारी आला. डॉक्टरीण बाई म्हणल्या, अजून उशीर केला असता तर पोटातल्याचं बी अवघड होतं. सुकेशनीनं आमाला शपथ घातली की पूर्ण्याला कळवायचं न्हाई. मला तर तेच पायजे होतं.

काल वनरक्षकाकडं जाऊन जबाब दिला. तो म्हणला, "आपण होऊन आलेले तुमी पहिलेच. ह्याला कागद कोणता लावायचा ते मला वरती विचारावं लागंल." काय व्हायचं ते होऊ द्या.

रविवारी या. घेऊन जा. मी अडवणार न्हाई. लाईन क्लिअर माझ्याकडनं गेली होती.

भगवान


पूर्णा,
१९ एप्रिल २०२५

भगवानराव, सप्रेम जय भीम.

रविवारी मी आलो तेव्हा आपण एक शब्द बोललो नाही. सूनबाईची बंदी फक्त फोनवर होती, पण आपण ती सोयीनं वाढवून घेतली. तुम्ही पिशवी गाडीत ठेवलीत, मी दार लावलं. चांगुणाबाईंनी यंत्र माझ्या हातात दिलं, उघडं. फ्रॉक घडी करून वेगळा दिला. तो का दिला हे विचारायचं धाडस झालं नाही.

तुमचं पत्र मला ११ तारखेला मिळालं, तक्रार ८ तारखेलाच गेली होती. वनरक्षकाकडं एकाच आगीचे दोन कागद झाले: एकात बजरंग दोषी, दुसऱ्यात तुम्ही. म्हणून निघताना गाडी बजरंगाच्या दारात थांबवली. त्याला म्हटलं, मी तुमच्यावर खोटी तक्रार केली, ती मागं घेण्याचा अर्ज हा, आणि ही माझी चूक. भिवया नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो रागावला की नाही कळत नाही. त्यानं चहा पाजला. मग म्हणाला, "मास्तर, आता आलातच तर सांगा, सकाळची पॅसेंजर टायमावर कधी येणार?" याचं उत्तर माझ्याकडं नोकरीत असतानाही नव्हतं.

आता माझं. खाडाखोड चालत नाही असं तुम्हाला लिहून बसलो आहे, त्यामुळं इलाज नाही.

१४ तारखेला जयंती. मी पहाटेच उठून अंगण, गल्ली, समोरचा चौक झाडून काढला. सून घरी आलेली, सगळं लख्ख हवं. पाला, कागद, दुधाच्या पिशव्या, सगळ्याचा कोपऱ्यात ढीग केला आणि काडी लावली. रोजच लावतो. या घरात आल्यापासून, बावीस वर्षं. गल्लीत सगळे म्हणतात, मास्तरांसारखा स्वच्छ माणूस नाही. सहा वाजता सूनबाई पंप हातात घेऊन दारात आली. यंत्र ओट्यावर होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. दोनशे सत्त्याऐंशी. मग माझ्या हातातल्या काडीपेटीकडं पाहिलं. आत गेली आणि कडी लावली. आतून पंपाचा आवाज दोनदा आला.

मार्चात आलेल्या एकशे चाळीसचा मालक मीच होतो. ढिगाविरुद्ध सहा अर्ज दिले, त्यातला एकतरी स्वतःच्या पत्त्यावर टाकायला हवा होता.

मी तुम्हाला काही म्हणण्याच्या जागेवर राहिलेलो नाही.

सिद्धोधन


पूर्णा,
२२ एप्रिल २०२५

मामा आणि बाबा, दोघांनाही जय भीम.

एकच पत्र लिहितेय, खाली कार्बन घालून. वरची प्रत कुणाला आणि खालची कुणाला, ते ठरवून दिलेलं नाही, म्हणजे त्यावरून भांडण नको.

सोमवारी मी परभणीला सविता मावशीकडं जातेय. बाळंत होईपर्यंत तिथंच राहीन. दवाखाना तीन गल्ल्या पुढं आहे. धम्मानंद शनिवार-रविवार येतील. तिथली हवा काही फार चांगली नाही, आकडा ऐंशी-नव्वद असतो. पण मावशीचा माझ्यावर एवढा जीव नाही की माझ्यासाठी ती काही पेटवेल.

मला साप चावू नये म्हणून बाबांनी माळ जाळला. मला अंगण स्वच्छ मिळावं म्हणून मामांनी गल्ली धुरानं भरली. तुम्ही दोघं काळजी करायला लागलात की मला पंप लागतो. हे रागानं लिहीत नाही. राग करायलाही श्वास पुरावा लागतो.

मीही खोटं बोलले. "मजेत आहे" म्हणत राहिले, कारण माझा दमा वाढलाय हे कळलं असतं तर माहेर हरलं असतं. नववा महिना लागत आलाय आणि मी तुमच्या मॅचचा स्कोर सांभाळत होते. आता नाही सांभाळणार.

बाबा, बांध विळ्यानं कापा. कंबर दुखेल, दुखू दे. बजरंग काकांना सोबत घ्या, आणि पारावर सगळ्यांसमोर खरं सांगा. वनरक्षकाला सांगितलंत ते कागदावर गेलं, पारावर जे बोललं गेलं ते अजून लोकांच्या तोंडात आहे.

मामा, अंगणात खड्डा करा आणि पाला त्यात टाका. दुधाच्या पिशव्या भंगारवाल्याला द्या. सातवा अर्ज लिहिलात तरी चालेल.

यंत्र मी नेतेय. फ्रॉक पण नेतेय. बाळाला होईल.

तुमची,
सुकेशनी


वालूर,
१२ मे २०२५

इवाई, जय भीम.

पारावर सांगितलं. मंगळवारी, सगळे बसलेले असताना. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं, त्याच्यापेक्षा शिव्या बऱ्या. शिव्या नंतर बजरंगनं दिल्या, घरी येऊन, चहा पिऊन. एक महिन्याच्या साठवून ठेवलेल्या होत्या. आता आमचं बोलणं सुरू झालंय.

आठ दिवस दोघं मिळून बांध कापायलोय. काल दगडाखालून तो साप निघाला. धामण. चांगली सहा फूट, उंदरं खाऊन जगणारी. आमच्याकडं बघून ती निवांत निघून गेली. बजरंग म्हणला, "दादा, हिच्यापायी माझ्या भिवया गेल्या." भिवया यायल्यात आता, एक आधी आणि एक मागून.

जून लागला की माळावर रोपं लावायची आणि ती जगवायची, असं वनखात्याला कबूल करून आलोय. माळ अजून काळाच हाय. कापताना मान वर केली की तोच दिसतो.

यंत्र न्हाई, तर मी सकाळी उठून पलीकडच्या गावची पाण्याची टाकी बघतो. एप्रिलात ती गायब होती. आज दिसली, शिडीसकट.

तुमचा खड्डा किती झाला?

भगवानराव


पूर्णा,
२७ मे २०२५

भगवानराव, सप्रेम जय भीम.

खड्डा तीन फूट झाला. कोपराही दुखतो आहे. गल्लीतले लोक विचारतात, मास्तर, पाण्याची टाकी बांधताय का. मी म्हणतो, पापाची आहे.

२१ तारखेला दवाखान्यात आपण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो, हे आपल्या दोघांनाच माहीत राहू द्या. सिस्टर बाहेर येऊन "मुलगी झाली, दोघी ठीक आहेत" म्हणाली तेव्हा तुम्ही बाकाच्या मध्यापर्यंत सरकलात. मीही सरकलो होतो.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. शनिवारी मी परभणीला एक लोखंडी शेगडी पाठवली. सोबत कोळसा, ओवा, बाळंतशोपा, बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायचं सगळं सामान. आमच्या घरात प्रत्येक बाळंतिणीला दिली आहे, माझ्या आईपासून. खरं सांगतो, मनात दुसरा विचारही आला नाही. हात आपोआप बाजाराकडं वळले. सविताबाईंच्या दारात शेगडी उतरवली तेव्हा तिथं आधीच एक शेगडी होती. ओव्याच्या पुडीसकट. वालूरच्या पत्त्याची.

काल सकाळी सूनबाईचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. जसं ऐकलं तसं लिहितो: "मामा तुम्ही एक शेगडी पाठवली बाबांनी एक शेगडी पाठवली आता या दोन शेगड्या मी सविता मावशीच्या माळ्यावर टाकतेय आणि पुन्हा या घरात कुणी धूर पाठवला तर नामकरणाला तुम्हाला दोघांनाही बोलावणार नाही."

एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मी मोजत होतो. कुठंही थांबली नाही. मागं नात रडत होती, तीही थांबत नव्हती.

एकतीस शब्द, एक श्वास. आकडा माझ्या रजिस्टरात लिहिला आहे. तुमच्या वहीत लिहून घ्या.

सिद्धोधन